मुलांच्या रूममधली एक भिंत घरच्या घरी कशी रंगवायची (आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत)

घरात नववी-दहावीतलं पोर असलं की हा विषय कधी ना कधी निघतोच. पाचवीत असताना हौसेने मारलेला बेबी पिंक किंवा आकाशी रंग आता "आई प्लीज, फ्रेंड्स आले की लाज वाटते" या लेव्हलला गेलेला असतो. आपल्याला मात्र अख्खं घर रिकामं करून पेंटर बोलवायचा नसतो. अशा वेळी एकच भिंत वेगळ्या रंगात करणं हा चांगला मधला मार्ग आहे, हल्ली सगळे त्याला ॲक्सेंट वॉल म्हणतात, पेंटर लोक हायलाइट म्हणतात. भिंत धड असेल तर शनिवार-रविवारमध्ये काम होतं, पुट्टी (भेगा-खड्डे भरायची लांबी) लागली तर आठवड्याभराचा पसारा धरून चाला.

आमच्याकडे नेरुळला हे ठरलं तेव्हा मी एक नियम केला आणि तो मी सगळ्यांना सांगते. रंग मुलीने निवडायचा, भिंत मी निवडणार. मुलांना काळपट हिरवा हवा असेल, नेव्ही ब्लू हवा असेल, अगदी काळाच हवा असेल तरी एका भिंतीपुरतं काही बिघडत नाही, नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत मारू. पण भिंत चुकीची निवडली तर पहिल्याच पावसाळ्यात त्या महागड्या रंगाचे पापुद्रे निघून बेडवर पडतात.

आधी भिंत बघा

आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणजे पश्चिमेला आणि दक्षिणेला तोंड असलेल्या बाहेरच्या भिंती जून ते सप्टेंबर सतत मार खातात. खाडीच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये तर विचारूच नका, वाशी, ऐरोली, कोलशेत, सगळीकडे तेच. तर शक्यतो ही बाहेरची भिंत सोडा. दुसरी सोडायची ती टॉयलेट-बाथरूमला लागून असलेली. टू बीएचकेमध्ये मुलांची रूम बऱ्याचदा कॉमन बाथरूमला चिकटून असते आणि सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आतले पाइप झिरपत असतात, बाहेरून काही दिसत नाही पण जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत रंग फुगलेला असतो आणि बोट फिरवलं की पांढरी खारट पूड हाताला लागते. हा लोणा. त्याच्यावर कितीही भारी रंग मारा, आतून येणारं पाणी त्याला ढकलून बाहेर काढणारच. आधी प्लंबर, मग भिंत वाळायला वेळ, मग रंग. तेवढा पेशन्स नसेल तर दुसरी भिंत घ्या.

शंका असेल तर सोपी टेस्ट आहे. साधारण दोन बाय दोन फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. रूमच्या बाजूला दमटपणा असेल तर ती नुसती हवा आहे. पावसाळ्यात केली तर खरं उत्तर मिळतं, मार्चमध्ये सगळ्याच भिंती साळसूद असतात.

खिडकीवाली भिंतही नको, कारण दिवसभर उजेड तिच्या मागून येतो आणि भिंत काळवंडलेली दिसते, रंगाची मजाच येत नाही. वॉर्डरोबवाली तर नकोच, अर्धी झाकलेली भिंत रंगवून काय करायचं. उरते ती बेडच्या डोक्याकडची किंवा स्टडी टेबलासमोरची. मी बेडच्या मागची घ्या म्हणेन. अभ्यास करताना समोर गडद किंवा भडक रंग सतत डोळ्यात घुसतो, आणि ऑनलाइन क्लास किंवा व्हिडिओ कॉलला बेडमागची भिंतच मागे दिसते, मुलांना तेच हवं असतं.

अजून एक, तुमची भिंत कशाची आहे ते माहीत करून घ्या. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा माइव्हन शटरिंगच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या कॉंक्रीटच्या भिंती असतात, नाहीतर आतून जिप्समचं प्लास्टर असतं. जिप्सम पाण्याने मऊ पडतं, तिथे भिंत धुवायच्या नादात बादल्या ओतू नका, पिळलेल्या फडक्याने पुसा. जुन्या बिल्डिंगचं वाळू-सिमेंटचं प्लास्टर मजबूत, पण नाण्याने ठकठक करत जा, पोकळ आवाज आला तिथलं प्लास्टर सुटलंय.

रंग निवडणं, म्हणजे घरातली खरी लढाई

मोबाइलवर बघून रंग ठरवू नका. दुकानातल्या शेड कार्डवरचा दोन इंचाचा चौकोन आणि शंभर स्क्वेअर फुटाची भिंत यात फार फरक पडतो, भिंतीवर तोच रंग जास्त गडद आणि जास्त भडक वाटतो. म्हणून मुलांना दोन-तीन शेड फायनल करू द्या, त्यांचे छोटे डबे किंवा सॅम्पल मिळाले तर आणा, आणि पांढऱ्या कार्डशीटवर दोन-दोन हात मारून ती शीट भिंतीवर वेगवेगळ्या ठिकाणी टेपने लावून दोन दिवस बघा. सकाळी बघा, दुपारी बघा, आणि रात्री रूममधला नेहमीचा लाइट लावून तर नक्कीच बघा. पांढऱ्या थंड एलईडीखाली जो हिरवा मस्त वाटतो तो पिवळ्या वॉर्म लाइटखाली शेवाळी दिसतो. आणि मुलं या रूममध्ये रात्रीच जास्त जागी असतात.

लाल, केशरी, भडक पिवळा या रंगांबद्दल एक इशारा. गडद आणि भडक शेड डीप बेसमध्ये बनवतात, त्यात पांढरं पिगमेंट कमी असतं म्हणून खालचा रंग झाकायची ताकदही कमी. दोन हातात काम होत नाही, तीन-चार लागतात. दुकानात सरळ विचारा, "काका, हा डीप बेसमध्ये येणार का, आणि याच्याखाली ग्रे प्रायमर मारू का?" भडक आणि गडद शेडखाली करडा टिंट केलेला प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारला तर एक हात वाचतो, बरेच दुकानवाले प्रायमरमध्ये थोडा स्टेनर, म्हणजे रंगछटा देणारं पिगमेंट, घालून देतात.

फिनिश कोणतं घ्यायचं यावर माझं ठाम मत आहे. एकदम चकचकीत नको, कारण भिंतीतला प्रत्येक उंचवटा आणि पुट्टीचा प्रत्येक ओरखडा चमकून दिसतो आणि घरी काम करणाऱ्याचा हात पेंटरइतका सफाईदार नसतो. एकदम डेड मॅट दिसायला सुंदर, पण गडद मॅटवर नख लागलं तरी पांढरी रेघ उमटते आणि पोरं भिंतीला टेकून बसतातच. मधलं, सॉफ्ट शीनचं, म्हणजे हलकी चमक असलेलं, वॉशेबल इमल्शन (पाण्यात मिसळायचा रंग) घ्या.

किती घ्यायचं ते बघू. समजा भिंत १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच, म्हणजे ९५ स्क्वेअर फूट. चांगल्या भिंतीवर एक लिटर इमल्शनमध्ये दोन हातांचं साधारण १०० ते १२० स्क्वेअर फूट होतं. गडद रंगाला तिसरा हात धरा. एक लिटर पुरणार नाही, एक-एक लिटरचे दोन डबे घ्या. एकदा मशीनमध्ये टिंट केलेला रंग दुकानदार परत घेत नाही, पण नंतर आणलेल्या डब्यात शेड किंचित इकडेतिकडे होऊ शकते, त्यापेक्षा थोडा उरलेला बरा. दोन्ही डबे एका बादलीत ओतून एकत्र ढवळून घ्या म्हणजे भिंतीच्या मध्यावर शेड बदलल्याचं दिसणार नाही. आणि हो, डब्याच्या आत टोकन निघालं तर गोंधळू नका, कंपन्या ते पेंटरसाठी ठेवतात.

बाकी सामान: ९ इंची रोलर आणि ट्रे, कडांसाठी २ इंची ब्रश, पुट्टीचा पत्रा, १२०, १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप चांगल्या कंपनीचा (साधा ब्राउन टेप अजिबात नको, तो निघताना रंग घेऊन निघतो), जुन्या चादरी, वर्तमानपत्रं, घोडा किंवा मजबूत स्टूल, आणि मास्क. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर खुर्ची ठेवून चढायचं नाही, हे मुलांना नाही, त्यांच्या बाबांना सांगतेय.

भिंत तयार करणं

इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि मुलं इथेच गायब होतात, तर त्यांना आधीच पकडून ठेवा. बेड भिंतीपासून तीन फूट ओढा, त्यावर चादर टाका. एमसीबी (मेन बोर्डवरचा त्या रूमचा स्विच) बंद करा, मग मॉड्युलर स्विचची वरची प्लेट काढून स्विचवर टेप लावा. प्लेट न काढता कडेने ब्रश फिरवला की रंगाचं जे वंगाळ कडं राहतं ते आयुष्यभर दिसतं.

मग हात फिरवून बघा. तळव्याला पांढरी पावडर लागली तर भिंतीवर जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे, त्यावर डायरेक्ट इमल्शन मारलं तर काही दिवसांनी साल निघाल्यासारखं निघतं. ते खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, प्रायमर मारायलाच लागतं. पावडर येत नसेल तर दुसरी टेस्ट करा, कटरने रंगावर फुलीसारख्या दोन चिरा मारा, त्यावर टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला रंगाचे तुकडे चिकटून आले तर तेवढा भाग पत्र्याने खरवडायचा. जुनी भिंत ऑइल पेंटची, चकचकीत असेल तर चमक जाईपर्यंत घासावं लागेल, गुळगुळीत काचेसारख्या पृष्ठभागावर नवा रंग पकडत नाही.

घासण्याबद्दल एक महत्त्वाचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम २०१६ चा, आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या थरांत, विशेषतः जुन्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असू शकतं. जुन्या बिल्डिंगमध्ये असे पाच-सहा थर सहज असतात. तर जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका, पॉलिश पेपर ओला करून घासा, चांगला मास्क लावा, लहान भावंडांना आणि प्रेग्नंट कोणी असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

एसीच्या खाली किंवा कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर ती बुरशी, नुसतं रंगवून झाकली तर परत वर येते. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी, हातमोजे घालून स्पंजने लावा, पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या. खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर वगैरे ॲसिडवालं काहीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. एसीचं पाणी गळून पडलेला तपकिरी डाग असेल तर आधी ड्रेन पाइप साफ करून घ्या आणि डागावर स्टेन-ब्लॉकिंग किंवा ऑइल बेस प्रायमर लावा. पाण्याच्या प्रायमरमधून आणि इमल्शनमधून असा डाग हमखास वर येतो.

आता खिळ्यांची भोकं, भेगा, आणि जुने पोस्टर काढताना निघालेले टवके. लांबी भरायची, म्हणजे पुट्टी. इथे बरेच लोक दुकानातून व्हाइट सिमेंटची पुट्टी आणतात, ती उघड्या प्लास्टरवर छान बसते पण आधीच रंगवलेल्या भिंतीवर नीट धरत नाही. आतल्या, रंग असलेल्या कोरड्या भिंतीला ॲक्रेलिक पुट्टी घ्या. पातळ थर, वाळू द्या, १८० ने घासा, दुसरा पातळ थर, परत घासा. एकाच वेळी जाड थापला तर वाळताना तडकतो.

रात्री रूमचा लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. प्रत्येक खड्डा, प्रत्येक पत्र्याची रेघ सावली टाकून उठून दिसते. तिथे पेन्सिलने गोल करा आणि सकाळी नीट करा. हे काम मुलांना द्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तिखट असते आणि आपल्या चुका शोधायला त्यांना आवडतंही.

भिंत पुसून प्रायमरचा एक हात सगळीकडे मारा. नुसत्या पुट्टीच्या ठिपक्यांवर मारून चालणार नाही का, तर मारू शकता, पण पुट्टी रंग जास्त पिते आणि गडद भिंतीवर तिथे मंद चट्टे दिसतात, म्हणून पूर्ण भिंत. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, आणि वाळायला रात्रभर वेळ.

कोपरा सरळ नसतो

हे कोणी सांगत नाही. आपल्या फ्लॅटमधला कोपरा लांबून सरळ वाटतो, पण दोन वेगळे रंग तिथे भेटले की तो किती नागमोडी आहे ते लगेच कळतं. कोपऱ्यातून हाताने ब्रश फिरवून रेघ सरळ येणार नाही. ओळंबा घ्या, नसेल तर दोऱ्याला जड नट बांधा, तोच ओळंबा. छताजवळून तो सोडा आणि कोपऱ्यापासून दोन-तीन मिलिमीटर आत, ज्या भिंतीला रंग द्यायचाय तिच्यावरच, पेन्सिलने बारीक खुणा करत खाली या. त्या खुणांवर टेप लावा. नवा रंग कोपऱ्याच्या केसभर आधी थांबतो, डोळ्याला कोपरा सरळ वाटतो.

टेपची कड नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डने दाबून बसवा. मग त्या कडेवर आधी जुनाच, म्हणजे शेजारच्या भिंतीचा रंग पातळ फिरवा. टेपखाली जायचं ते हाच रंग जातो, फट बुजते, आणि वर मारलेला गडद रंग आत झिरपत नाही. शेजारच्या भिंतीचा रंग शिल्लक नसेल तर ट्रान्सपरंट ॲक्रेलिक व्हार्निश चालतं. माझ्या मते सगळ्या कामात एवढी एक युक्ती लक्षात ठेवली तरी भिंत पेंटरने केल्यासारखी दिसते. छताच्या कडेला आणि स्कर्टिंगला पण हेच. मुलांना दोन रंगांचे तिरके त्रिकोण वगैरे हवे असतील तरी पद्धत तीच, फक्त पहिला रंग एक पूर्ण दिवस वाळवून मगच त्यावर टेप लावा.

रंगाचा दिवस

सकाळी लवकर सुरू करा. फॅन बंद, खिडकी थोडी उघडी. फॅन चालू ठेवला तर रंग रोलरखालीच वाळायला लागतो आणि पट्टे पडतात. नवा रोलर आधी धुवून, झटकून, वाळवून घ्या नाहीतर त्याचे सुटे केस भिंतीला चिकटतात. पाणी मापाने घाला, पहिल्या हाताला जेवढं तेवढंच पुढच्यांना, अंदाजपंचे नको.

आधी ब्रशने कडा, पण सगळ्या भिंतीच्या कडा एकदम करून चहाला जाऊ नका. तीन-चार फुटांची कड मारा, ती ओली असतानाच रोलर तिच्या जवळ न्या. कड वाळली आणि मग रोलर आला तर भिंतीभोवती गडद चौकट दिसते. दोघं असाल तर एकाने ब्रश आणि दुसऱ्याने रोलर, हे आई-मुलीचं किंवा बाप-लेकाचं काम म्हणूनच छान जमतं. रोलर ट्रेमध्ये बुडवून जास्तीचा रंग निथळू द्या, डब्ल्यूच्या आकारात पसरवा, मग वरून खाली एकाच दिशेने हलके फिरवा. एक पट्टा संपला की पुढचा त्याच्या ओल्या कडेवर थोडा चढवायचा. मध्येच कुठे कमी लागलंय असं दिसलं आणि रंग अर्धवट वाळला असेल तर हात बांधून उभे राहा, पुढच्या हातात करू. अर्धवट वाळलेल्यावर परत रोलर फिरवलात की तिथे संत्र्याच्या सालीसारखा पॅच उठलाच समजा.

पहिला हात बघून पोरांचा चेहरा पडतो, कारण गडद रंग पहिल्या हातात ढगाळ, चट्टेपट्टे असलेला दिसतो. त्यांना आधीच सांगून ठेवा. तीन-चार तासांनी, हवा दमट असेल तर पाच-सहा तासांनी, ३२० च्या पेपरने अगदी हलकं घासून पुसा आणि दुसरा हात. तिसरा लागला तर दुसऱ्या दिवशी. शेवटचा हात पूर्ण वाळायच्या आधीच, किंचित ओला असताना, टेप स्वतःवरच दुमडत ४५ अंशात हळू ओढा. पूर्ण वाळवून ओढला तर कडेचा रंग फाटून येतो. वाळून गेलाच तर कटरने कडेवरून हलकी रेघ मारा, मग ओढा.

कधी करायचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, एप्रिल-मेही चालतं आणि परीक्षा संपलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये नको, रंग वाळत नाही आणि वास घरातच कोंडतो. पेंटरकडून करून घेणार असाल तर गणपती आणि दिवाळीच्या आधीचे दिवस टाळा, तेव्हा माणूस मिळत नाही आणि मिळाला तर घाईत असतो. सोसायटीचे कामाचे तासही बघून घ्या, रोलरचा आवाज नसतो पण बेड ओढायचा असतो, आणि दुपारी खालचे आजोबा झोपलेले असतात.

रंग झाल्यावर

एक-दोन रात्री मुलांना हॉलमध्ये झोपवा, खिडक्या उघड्या. रंग हाताला कोरडा लागतो, पण आतून घट्ट व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोपर्यंत भिंत ओल्या फडक्याने पुसायची नाही, बेड भिंतीला चिकटवायचा नाही, आणि मुख्य म्हणजे एलईडी स्ट्रिप, पोस्टर, डबल साइडेड टेप काहीही नाही. मुलांना त्याच संध्याकाळी सगळं लावायचं असतं. स्ट्रिपच्या मागचा गोंद गडद रंगाची साल काढतो, महिन्यानंतरसुद्धा. स्ट्रिप हवीच असेल तर बेडच्या हेडबोर्डच्या मागच्या बाजूला चिकटवा, उजेड भिंतीवर पडतो आणि भिंत वाचते. पोस्टरसाठी एक मोठा पिनबोर्ड दोन स्क्रूवर टांगा, काय लावायचंय ते त्यावर लावा.

ब्रश-रोलर मोरीत डायरेक्ट धुवू नका, आधी उरलेला रंग वर्तमानपत्रावर पुसून काढा, मग बादलीत धुवा. घट्ट झालेला रंग डब्यात वाळवून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या, गटारात ओतला तर तो खाडीतच जातो.

थोडा चांगला रंग काचेच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट झाकणाने ठेवा, हवा कमी राहिली तर जास्त टिकतो. बरणीवर शेडचा कोड, कंपनी, फिनिश आणि तारीख लिहा, आणि डब्यावरच्या टिंटिंगच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कुठे ओरखडा पडला तर टचअप ब्रशने करू नका, वेगळा पॅच दिसतो, ४ इंची छोट्या रोलरने करा आणि कडा कोरड्या रोलरने पुसट करत न्या.